सतरा नंबरची हजेरी

वर्गात माझा नंबर पुकारला गेला की माझ्या घशातून आवाज निघत नसे. दुसऱ्याच्या आवाजात मात्र मला सहज बोलता येई. शाळेत हे कुणालाच कळलं नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या मुलींना कळलं आणि मी एकदम उपयोगाची ठरले. सकाळच्या पहिल्या तासाला कुणाला झोपायचं असलं की ती आदल्या संध्याकाळी मला सांगून ठेवी. लेक्चररबाई मान वर न करता नंबर वाचत आणि मी मागच्या बाकावरून त्या त्या मुलीच्या आवाजात "प्रेझेंट, मिस" म्हणे. एकदा एकाच तासाला मी चार जणींची हजेरी दिली. माझी स्वतःची त्याच दिवशी गैरहजेरी लागली, कारण माझा आवाज बाईंपर्यंत पोचलाच नाही.

मी बंगळूरमध्येच वाढले, कँटोन्मेंटमधल्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, बाजारात कन्नड आणि तमिळ, आणि या चारही भाषांत मी गप्प. वडील एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. मी कॉलेजात गेले त्या वर्षी त्यांची बदली कानपूरला झाली. आई त्यांच्याबरोबर गेली आणि मी हॉस्टेलवर आले.

हॉस्टेल म्हणजे एक जुना दगडी बंगला होता. आमच्या खोल्या वरच्या मजल्यावर, एका लांब कॉरिडॉरच्या दोन बाजूंना. खोल्यांच्या मागे अरुंद व्हरांडा होता. बंगळूरच्या जुन्या बंगल्यांना असते तशी तिरक्या पट्ट्यांची लाकडी जाळी लावून तो प्रत्येक खोलीपुरता वेगळा केलेला होता. माझी खोली अठरा नंबरची. जाळीपलीकडे सतरा.

सतरा नंबरची मुलगी मॉरिशसहून आली होती. तिचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात कामाला गेले होते. घरात अजून मराठी आरत्या म्हणतात, असं तिने मला पहिल्या दिवशी सांगितलं. पण तिला मराठी बोलता येत नव्हतं. तिच्याकडे शब्द होते, वाक्यं नव्हती. ती मला "बाय" म्हणायची, जसं तिची आजी तिला म्हणे. बाकी सगळं इंग्रजीत, आणि त्या इंग्रजीला फ्रेंचचा हेल. तो हेल मला पहिल्या आठवड्यातच जमला होता. तिच्यासमोर मी तो कधी काढला नाही.

सत्तावन्न सालच्या त्या फ्लूचं नाव आम्ही मे महिन्यात पेपरात वाचलं होतं. सिंगापूरहून बोटीने मद्रासला आला, असं म्हणत. जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि दहाव्या दिवशी बंद झालं. ज्यांची घरं एका रात्रीच्या प्रवासावर होती त्या मुली गेल्या. माझ्या वडिलांची तार आली, गाड्यांमध्ये साथ आहे, तिथेच थांब. वरच्या मजल्यावर आम्ही आठ जणी उरलो. मी सोडून सगळ्या परदेशातल्या. नैरोबीची गुजराती मुलगी चौदा नंबरमध्ये होती, तिचं तोंड कधी बंद नसे. अकरा नंबरमध्ये पेनांगची मुलगी होती. चौदा नंबरवाली तिला हाक मारून म्हणायची, "काय गं, येताना पेटीत घालून आणलास ना हा ताप? आम्हाला नुसते रुमाल आणायचे होते!" पेनांगची आधी हसायची. मग हसेनाशी झाली.

आमच्या वॉर्डनबाई अँग्लो-इंडियन होत्या. आम्ही त्यांना मिस म्हणत असू. त्यांनी नियम केले. प्रत्येकीने आपल्या खोलीत राहायचं, दार बंद. एकमेकींकडे जायचं नाही. जेवणाचं ताट दाराबाहेर येईल, रिकामं ताट दाराबाहेर ठेवायचं. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. आणि पूर्वी जेवणघरात व्हायची ती हजेरी आता संध्याकाळी सात-सव्वासातला जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून त्या घेतील, आम्ही दाराआडून उत्तर द्यायचं.

"मी दोनदा पुकारीन," त्या म्हणाल्या. "दोनदा उत्तर आलं नाही तर त्या खोलीत मुलगी गंभीर आजारी आहे असं समजून मी ॲम्ब्युलन्स बोलावीन. माझी वाट बघत बसू नका. माझं वय झालंय, तो जिना मी रोज चढणार नाही."

तोंडावर जाळीच्या कापडाचा मास्क बांधून त्या खाली उभ्या राहत. जिन्यातला दिवा हजेरीनंतर लागे. त्यामुळे बाई कधी दिसायच्या नाहीत. अंधारातून नुसता नंबर वर येई, आणि बंद दारांमागून एकेक आवाज खाली जाई. दोन आठवड्यांनी मला मुलींचे चेहरे आठवायला वेळ लागू लागला. आवाज मात्र स्वच्छ आठवत. मागच्या अंगणातल्या मोठ्या झाडावरून त्याच वेळी वाघळं उठायची, आणि हजेरी संपेपर्यंत आकाशात त्यांचीच ये-जा चालू असायची.

सतरा नंबरला ताप पहिल्याच आठवड्यात आला. तिचा ताप हलका होता, म्हणून तिला खोलीतच ठेवलं. अक्का तिला सांभाळायची. अक्का म्हणजे आमची आया. बेळगावकडची, मराठी बोलणारी, पण दर चार शब्दांना एक कन्नड. हजेरीत सतरा नंबर आला की अक्काच वरून ओरडे, "ताप हाय, मिस!" आणि बाई पुढे जात.

त्या दिवसांत जाळीतून मला तिचे तुकडे दिसत. शालीचा एक चौकोन, हाताचं कोपर, अर्धा डोळा. ती पत्रांबद्दल बोलायची. तिच्या घरचं पत्र बोटीने यायला सहा आठवडे लागत.

"म्हणजे बघ, बाय," ती म्हणाली, "त्यांच्या लेखी मी अजून मे महिन्यातच आहे. धडधाकट. मला काही झालं तर मी आणखी सहा आठवडे तिकडे चांगली असेन."

मी नुसतं हं म्हटलं.

मग एका संध्याकाळी अकरा नंबरने उत्तर दिलं नाही. दोनदा हाक आली, दोनदा काही नाही. नंतर कळलं, ती आपल्या खोलीच्या न्हाणीघरात चक्कर येऊन पडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ॲम्ब्युलन्स आली. आम्ही दारांच्या फटींतून बघत होतो. स्ट्रेचरवर पांढरी चादर होती आणि चादरीबाहेर लटकणारी एक वेणी. त्या संध्याकाळी मिसनी नऊ म्हटलं, मग दहा, मग बारा. अकरा म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढासुद्धा थांबल्या नाहीत. ती कुठे आहे, कशी आहे, कुणी सांगितलं नाही. विचारण्याएवढी मी धीट नव्हते. चौदा नंबरवालीही त्यानंतर चार दिवस गप्प होती.

सतरा नंबरचा ताप उतरून त्याच वेळी दोन दिवस झाले होते. अक्काने खाली कळवलं की पोरगी बरी आहे, आता तीच उत्तर देईल.

ती पहिली संध्याकाळ मला नीट आठवते. "सिक्स्टीन?" सिलोनच्या मुलीने उत्तर दिलं. "सेव्हन्टीन?" काही नाही. मी माझ्या दाराशी उभी होते. भिंतीपलीकडे ती जागी होती. तिच्या खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज मी ऐकला होता. "सेव्हन्टीन?" दुसरी हाक जरा चढ्या आवाजात आली. मला ती लटकणारी वेणी दिसली. विचार करायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर विचार करावा लागलाच नाही. माझ्या तोंडातून तो फ्रेंच हेल आपोआप निघाला. "प्रेझेंट, मिस."

"पहिल्या हाकेला बोलत जा," मिस खालून म्हणाल्या. "एटीन?"

मी माझ्या आवाजात उत्तर दिलं. तो त्यांना ऐकू गेला नाही, पुन्हा द्यावं लागलं.

मग मी जाळीशी गेले. "झोपली होतीस का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. शाल ओढून घेत ती आत गेली. मला वाटलं, अशक्तपणा असेल. उद्या बोलेल.

दुसऱ्या दिवशीही तिने हाकेला उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी दुसऱ्या हाकेपर्यंत थांबे, आणि मग देई. चौथ्या दिवसापासून मला त्यात काही विशेष वाटेनासं झालं. उलट सतराचं उत्तर खणखणीत जाई आणि माझं अडखळे. एका संध्याकाळी तर सतरा नंबरचं उत्तर देऊन मी दारापासून वळलेच, जणू माझं काम झालं होतं. खालून दोनदा "एटीन?" आलं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ती मी.

जाळीपलीकडची मुलगी दिवसेंदिवस कमी बोलू लागली. मी पुस्तकातलं काही वाचून दाखवलं तर ऐकायची की नाही, कळत नसे. तिचं ताट मात्र रोज रिकामं बाहेर असायचं, इतकं की मी माझ्या मनाची समजूत त्या ताटावर घातली होती. जेवते आहे, म्हणजे ठीक आहे.

अक्कालाच ते खटकलं. ती माझ्या दाराबाहेर ताटं उचलता उचलता म्हणाली, "तुझ्या शेजारणीचं ताट बगितलीस काय गे? चाटून पुसून. शिताचा कण न्हाई."

"बरं आहे ना मग," मी दाराआडून म्हटलं.

"बरं काय, खुळी! ताप काढलेली पोरगी स्वल्प गंजी-पेज पिऊन पडती. ही आचाऱ्यासारखी जेवतीया. आन् मागल्या अंगणातलं कावळं बगितलीस? वरातीतल्या व्याह्यावानी फुगल्यात."

त्या दिवशी दुपारी मी व्हरांड्यात जाऊन जाळीला डोळा लावला. एरवी मी तिच्याकडे असं बघत नसे, तिला संकोच वाटेल म्हणून. ती कठड्याशी उभी होती. केस न विंचरलेले, मनगटं काड्यांसारखी. ताटातल्या भाताचे तिने लिंबाएवढे गोळे केले होते आणि कठड्यावर एका ओळीत नीट अंतर ठेवून मांडले होते. मग ती दोन पावलं मागे सरली आणि हात जोडून उभी राहिली. क्षणभरात कावळा आला. पहिला गोळा घेऊन गेला. दुसरा आला.

"लगेच शिवला," ती म्हणाली. तिला मी तिथे आहे हे ठाऊक होतं. "आजोबांच्या वेळी तीन तास शिवला नव्हता. त्यांचं मन आमच्यात अडकलं होतं. माझं काही राहिलेलं दिसत नाही, बाय."

तो जुलै महिना होता. हवेत गारठा होता आणि बारीक भुरभुर चालली होती.

"कुणासाठी ठेवतेस ते?" मी विचारलं.

"माझ्यासाठी."

"तू तर इथे आहेस."

तिने जरा विचार केला. नंतर जे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, धडा समजावून सांगावा तसं. तिची आजी सांगायची, दिवेलागणीला, दिसत नसलेल्या माणसाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. ते माणूस नसतं. त्याला दोनच हाका मारता येतात. तिसरी हाक आली तर समजावं, माणूस आहे, मग ओ द्यावी. पहिल्या-दुसऱ्या हाकेला जो ओ देतो तो त्याच्याबरोबर जातो. शरीर मागे राहतं काही दिवस, पण आत कुणी नसतं.

"मी थांबले होते," ती म्हणाली. "खाली अंधार होता. कुणी दिसत नव्हतं. मला माहीत होतं ती मिस आहे, पण ताप येऊन गेल्यापासून मला माहीत असलेल्या गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही. म्हणून म्हटलं, तिसऱ्या हाकेला बोलू. तिसरी आलीच नाही. दुसऱ्या हाकेला मी ओ दिली."

"तू नाही दिलीस," मी म्हटलं.

"मी ऐकलं ना. माझा आवाज होता. बाहेरून आला. मी तोंड मिटून बसले होते आणि माझा आवाज बाहेरून गेला. त्या दिवशी गेले मी. रोज जाते." आणि मग, थोड्या कुतूहलाने, "ती चांगली बोलते, नाही? माझ्यापेक्षा धीट आहे."

आमच्या घरी हे असलं कुणी कधी सांगितलं नव्हतं. आई दिवेलागणीला शुभंकरोती म्हणायला लावी, तेवढंच. कोकणातली ही समजूत समुद्रापलीकडे जाऊन शंभर वर्षांनी आमच्या शेजारच्या खोलीत परत आली होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

मी म्हणायला हवं होतं, तो आवाज माझा होता. मी तोंड उघडलंही. पण मला भीती वाटली. तिने विश्वास ठेवला नसता तर मला तिच्यासमोर तो आवाज काढून दाखवावा लागला असता. जाळीपलीकडे ती, आणि अलीकडे तिचाच आवाज बोलणारं कुणीतरी. त्याने तिचं काय झालं असतं, मला कल्पना करवेना. मी एवढंच म्हटलं, "थोडं खा. एक घास." ती हसली. पाहुणीने आग्रह केल्यावर हसावं तसं.

आत येऊन मी खाटेवर बसले. मिसना चिठ्ठी लिहावी असं मनात आलं. लिहिलीसुद्धा, चांगल्या इंग्रजीत, आणि फाडली. ताप नसलेल्या मुलीला त्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील हे मला ठाऊक होतं. तिथून परत आलेल्या कुणाची गोष्ट मी ऐकली नव्हती. न सांगावं तर ती जेवणार नव्हती. नऊ दिवस झाले होते. मनगटं मी पाहिली होती. आज मी गप्प राहिले तर दोन हाकांनंतर गाडी येणार. बोलले तर ती आणखी एक दिवस जाणार. तिला तिसरी हाक हवी होती, आणि ती मारण्याचा हॉस्टेलमध्ये नियम नव्हता.

सात वाजता चर्चची घंटा झाली. वाघळं उठली. मी दाराशी उभी राहिले आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हे सांगायला विचित्र वाटतं, पण मला तसं करावं लागलं. नऊ दिवसांत त्या तोंडाला सवय लागली होती.

"सिक्स्टीन?"

"प्रेझेंट, मिस."

"सेव्हन्टीन?"

माझ्या तळव्याखाली ओठ हलले.

"सेव्हन्टीन?"

कुठेच काही आवाज नाही. मग खाली रजिस्टर मिटल्याचा आवाज झाला.

मी दार उघडलं आणि धावत जिन्याच्या तोंडाशी गेले. तीन आठवड्यांत आमच्यापैकी कुणी त्या कॉरिडॉरमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं.

"मिस," मी म्हटलं. ते कुजबुजल्यासारखं निघालं. मी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी जे निघालं ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. चिरकं, फाटकं, मोठ्ठं. "मिस, आणखी एकदा हाक मारा!"

"कोण आहे ते?"

"एटीन."

"एटीन कधी ओरडत नाही," खालून आवाज आला. "आत जा. ताप चढलाय तुला."

"मला ताप नाही. तिला एकदाच हाक मारा. नंबर नको, नाव घ्या. आणि वर या, मिस. ती दिसल्याशिवाय बोलणार नाही."

चौदा नंबरचं दार धाडकन उघडलं. "काय झालं? कोण मेलं?"

"कुणी नाही! आत हो!" मी तिला म्हटलं. ती खरंच आत झाली. मी कुणावर ओरडण्याची ती पहिली वेळ, तिला आश्चर्य वाटलं असणार.

जिन्यावर पावलं वाजू लागली. जड, सावकाश, दर चार पायऱ्यांना थांबणारी. मधल्या वळणावर मिस दिसल्या, एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला. धाप लागली म्हणून त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला होता. त्यांचा चेहरा मी विसरले होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्या पुष्कळ म्हाताऱ्या होत्या. माझ्या शेजारून त्या सतरा नंबरच्या दारासमोर गेल्या, क्षणभर माझ्याकडे रागाने पाहिलं, आणि मग तिला नावाने हाक मारली. आडनावाशिवाय, घरात मारतात तशी.

ती तिसरी.

मिसचा श्वास वाजत होता. मग कडी सरकली.

ती दारात आली ती खाली बघतच. आधी तिने मिसच्या पावलांकडे पाहिलं. अगदी वाकून, निरखून. तेव्हा मला कळलं नाही. भुताची पावलं उलटी असतात म्हणे. मिसच्या पायांत रबरी सपाता होत्या, एका सपातेचा पट्टा सेफ्टी पिनने जोडलेला. पावलं सरळ होती, घोटे सुजलेले होते. तेवढं पाहून झाल्यावर ती हळूहळू वर बघू लागली, आणि चेहऱ्यापर्यंत पोचली.

"प्रेझेंट, मिस," ती म्हणाली.

तो आवाज बसका, कोरडा, जवळजवळ पुरुषी होता. नऊ दिवस मी जो आवाज काढत होते, त्याच्याशी त्याचं काहीच नातं नव्हतं.

मिसनी तिच्या दंडाला हात लावला आणि लगेच काढून घेतला, भाजल्यासारखा. मग त्यांनी रजिस्टर उघडलं. सतरा नंबरसमोर नऊ दिवसांचे 'पी' एकापुढे एक होते, त्यांच्याच अक्षरात. त्यांनी ते पाहिले. तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. "अक्काला गंजी घेऊन वर बोलाव," एवढंच म्हणाल्या, आणि स्वतःचा नियम मोडून तिच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसल्या.

अक्का नाचणीची गंजी घेऊन आली. मी दाराबाहेर उभी होते.

"पी गे माझी राणी," अक्का आत म्हणत होती. "कावळ्यांस्नी आता सुट्टी. सरी, बरं का? उगड तोंड."

पहिला चमचा हनुवटीवरून ओघळला. दुसरा तिने गिळला. तिने तो गिळलेला मला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. फ्लूनंतर काही जणांना असं होतं, मन खचतं, म्हणाले. टॉनिक लिहून दिलं आणि तिला एकटी ठेवू नका असं बजावलं. मिसनी सुताराला बोलावून आमच्यामधली जाळी काढायला लावली. ती रोज काही खाई, रोज काही नाकारी. मधूनच स्वतःच्या हाताकडे बघत बसे. एकदा दुपारभर रडली. बरी होणं म्हणजे एका दिवसाची गोष्ट नव्हती. हजेरी मिस आता वर येऊन घेत, सेव्हन्टीनला तीनदा हाक मारत, आणि दर वेळी पुटपुटत की या मुली मला मारून टाकणार. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेच्या मध्ये मी माझी नखं तळव्यात रोवून उभी असे.

अकरा नंबरवाली ऑगस्टमध्ये परत आली. केस कापलेले, अंगाने निम्मी, आणि आल्या आल्या तिचा साबण कुणी वापरला म्हणून भांडली. हॉस्पिटलात तिला रोज अंडं मिळत होतं. गाडी म्हणजे मरण असं मी ज्या वेणीवरून ठरवलं होतं, ती वेणी जटा झाली म्हणून नर्सने कापली होती, एवढंच.

साथ ओसरून हॉस्टेलचं फाटक उघडल्यावर पहिल्या रविवारी आम्ही दोघी पत्र टाकायला निघालो. रविवार असल्यामुळे रस्त्यावर चर्चला जाणारे लोक होते. मी ठरवून आले होते. पेटी दिसायला लागल्यावर मी म्हटलं, "संध्याकाळचा तो आवाज माझा होता."

ती चालत राहिली. "रोज?"

"रोज."

"दुसऱ्याच हाकेला?"

"हो. मला वाटलं, तुला नेतील."

"नेलंच होतं," ती म्हणाली.

पत्र तिने पेटीत टाकलं, पेटीच्या आत हात घालून ते खाली पडलं की नाही बघितलं, आणि परत वळली. चर्चच्या कोपऱ्यावर एक बाई टोपली घेऊन उकडलेल्या शेंगा विकत होती. तिने पुडा घेतला आणि पूर्ण रस्ताभर खात आली. शेंग फोडायची, दाणे तोंडात टाकायचे, टरफल रस्त्यावर. मला एकही दिली नाही. मी दोन पावलं मागून चालत होते, टरफलं चुकवत.

फाटकाशी आलो तेव्हा पुडा रिकामा झाला होता. तिने तो उलटा करून झटकला आणि तळाशी राहिलेलं मीठ बोटाने चाटलं.